टिग वेल्डिंगचा आर्गॉन: १० लिटरचा सिलेंडर की ४७ लिटरचा?

टिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या आर्कने धातू वितळवून जोडतात; आर्गॉन गॅस त्या जोडाला आणि टोकाला हवा लागू देत नाही. १५० बार दाबाला भरलेल्या १० लिटरच्या सिलेंडरमध्ये साधारण १,५०० लिटर आर्गॉन मावतो, ४७ लिटरच्यामध्ये ७,०००. मिनिटाला १० लिटर गॅस सोडला, तर लहान सिलेंडर प्रत्यक्ष आर्कचे अडीच तास पुरतो, मोठा साडेअकरा. साइटवर न्यायचा असेल तर लहानच बरा. रोजच्या कामाला मात्र मोठाच घ्या. लहान ऐन जोडाच्या मध्यात संपतो; टंगस्टन काळवंडतो, बीडमध्ये (वेल्डच्या रेषेत) बारीक छिद्रं पडतात आणि तेवढा भाग ग्राइंडरने काढून पुन्हा मारावा लागतो. मोठा भिंतीला साखळीने बांधा. हलवताना रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारं उपकरण) काढून व्हॉल्व्हवर टोपी चढवा. पडून व्हॉल्व्ह तुटला, तर सिलेंडर सुसाट सुटतो. होज (गॅसची नळी) गळत असेल तर मात्र कुठलाच पुरणार नाही. आधी साबणाचं पाणी लावून बघा.