टॉवेल डाइंगसाठी घेतलेला छोटा पीएलसी : वर्षभराच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल डाइंगच्या युनिटमध्ये गेल्या वर्षी थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टरचा जुना पसारा काढून एक छोटा पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा यंत्रनियंत्रक) बसवला. आठ इनपुट, आठ रिले आउटपुट आणि पीटी-१०० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी दोन चॅनेल एवढाच त्याचा संसार आहे. उणिवाही लिहायच्या असल्याने कंपनीचे नाव मुद्दाम टाळले आहे.

सुती टॉवेलवर आम्ही वापरतो ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग ६० अंशांवर धरतात आणि तापमान दोन-तीन अंश जरी हलले तरी दोन बॅचची शेड जुळत नाही, म्हणून खरी कसोटी तिथेच होती. या पीएलसीत १६ बिटांच्या पूर्ण वर्डवर, म्हणजे शून्य किंवा एक अशा सोळा खुणांच्या गटावर, एकदम अँड (दोन्हीकडे एक असेल तरच एक), ऑर (एकीकडे तरी एक असेल तर एक) आणि एक्सॉर (दोन्ही वेगळे असतील तर एक) करता येते. आम्ही शून्य क्रमांकाचा बिट वाफेच्या व्हॉल्व्हला, त्यापुढचा पंपाला, तिसरा थंड पाण्याला आणि चौथा बझरला दिला. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. तापमान ६० च्या खाली असेल तर वर्डच्या शेवटच्या चार बिटांत (शून्य क्रमांकाचा सर्वांत उजवीकडे) ००११, ६० ते ६२ दरम्यान ००१०, त्यावर ०११० आणि ६५ ओलांडले की १११० येते. पाण्याची पातळी कमी झाली की हाच वर्ड ११०० या मास्कशी (नको ते बिट शून्य करणाऱ्या नमुन्याशी) अँड होतो आणि वाफ व पंप एकदम बंद पडतात. पूर्वी यासाठी लॅडर या आकृतीवजा प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आउटपुटच्या ओळीत तोच कॉन्टॅक्ट पुन्हा पुन्हा टाकावा लागे.

पहिल्याच महिन्यात एक चूक झाली आणि ती सर्वस्वी आमची होती. हाताने वाफ सोडण्याच्या बटणाचा ऑर आम्ही मास्कच्या अँडनंतर लिहिला होता, त्यामुळे मशीनमध्ये पाणी कमी असतानाही बटण दाबताच वाफ सुटली. आता आधी ऑर आणि शेवटी अँड, असा क्रम आहे. आधीचा वर्ड आणि नवा वर्ड यांचा एक्सॉर काढून बदल मोजले, तेव्हा ६० अंशांच्या काठावर वाफेचा व्हॉल्व्ह एकसारखा उघडझाप करत असल्याचे कळले. मग ५८.५ ला चालू आणि ६० ला बंद असे अंतर ठेवले, आणि या दोहोंमध्ये जुन्या वर्डचा शून्य बिट तसाच उचलला. व्हॉल्व्हची टकटक थांबली. चालू-बंदमधल्या अशा अंतराचे, म्हणजे हिस्टेरेसिसचे, तयार फंक्शन मात्र यात नाही, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे.

माझी मोठी तक्रार सॉफ्टवेअरबद्दल आहे. मॉनिटरवर वर्ड केवळ चिन्हासहित दशमान संख्येत दिसतो. सोळावा बिट आम्ही सेन्सरच्या बिघाडासाठी राखला होता आणि तो एकटा लागला की, हा बिट ऋण चिन्हाचा धरला जात असल्याने, पडद्यावर -३२७६८ येई. रात्रपाळीच्या फिटरने ते पाहून पीएलसीच बिघडला असे ठरवले, यात त्याचा दोष कसा काढायचा? शेवटी बिटांचा तक्ता छापून पॅनेलच्या दारावर आतून चिकटवला.

मॅन्युअलप्रमाणे हा पीएलसी ५५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतो. सोलापूरचा मे महिना आणि शेजारी वाफेची लाइन असताना बंद पॅनेलमध्ये तेवढी उष्णता सहज होते, आणि दोनदा तो दुपारी अडकला. पंखा बसवल्यापासून अडकलेला नाही. दुसऱ्या मशीनसाठीही हाच मागवला आहे, फक्त त्याच्या पॅनेलमध्ये पंखा आधी बसेल आणि पीएलसी नंतर.