फाडायला कोणता घ्यावा: मोडका की गुळगुळीत?

विनोदी समीक्षेसाठी वाईट कौटुंबिक ॲनिमेशनपट शोधायला बसलं की दोन जाती हाती लागतात. एक मोडका, म्हणजे चित्रच धड नाही. दुसरा गुळगुळीत, म्हणजे चित्र झकास पण आत पोकळ. हशा दोन्हींत आहे, तो काढायची रीत वेगळी. नमुन्याला 'फूडफाइट' (2012) आणि 'द इमोजी मूव्ही' (2017) घेऊ.

'फूडफाइट' यायचा होता 2003 च्या नाताळात. रखडत रखडत तो 2011 मध्ये लिलावात निघाला. मधेच काम मोशन कॅप्चरवर, म्हणजे खऱ्या माणसाची हालचाल टिपून पात्राला देण्यावर गेलं, आणि पडद्यावरचे बरेच विनोद तिथूनच येतात. माणसाची टिपलेली हालचाल आखूड पायांच्या, भल्या डोक्याच्या पात्रावर तशीच चढवली की पावलं जमिनीवर घसरतात, कोपर पोटात शिरतं, हात उगाच हेलकावतात. एकेक फ्रेम हाताने साफ करावी लागते. ते राहिलं की पात्र सतत अंगात आल्यासारखं डोलतं.

हे दाखवायचं तर 3 ते 5 सेकंदांचा तुकडा घ्या. आधी मूळ वेगात, तोंडातून अवाक्षर न काढता. मग चौथाई वेगात, तुमच्या टिप्पणीसह. मूळ वेगात जे दिसत नाही त्यावर विनोद करू नका. सेकंदाला 24 फ्रेम असतात, त्यातली एक थांबवून दात काढले तर चांगला सिनेमाही वेडाविद्रा दिसतो. ओठ तपासताना म, ब, प हे आवाज पकडा: तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. मात्र हे मूळ भाषेतच पाहा, डब आवृत्तीत ओठ चुकणारच. डोळे मेलेले वाटले तर बुबुळावर प्रकाशाचा ठिपका आहे का ते बघा. बहुतेकदा तोच गायब असतो.

मोडक्याची अडचण एकच, दहा मिनिटांत चुका संपतात आणि पुन्हा त्याच येतात. चौथ्यांदा घसरलेल्या पावलाला कोणी हसत नाही. प्रत्येक प्रकारचा एकच, सर्वांत वाईट नमुना ठेवा.

'इमोजी'त असलं काही सापडणार नाही. गोल्डन रास्पबेरीचा सर्वांत वाईट चित्रपटाचा किताब मिळवणारा हा पहिला ॲनिमेशनपट, तरी चित्र चकचकीत. दोष पटकथेत. इमोजीला एकच भाव हवा, हा फोनच्या आतल्या त्या जगाचा नियम. नायकाला जास्त भाव येतात म्हणून तो बिघडलेला. आणि त्याच्यासोबतचा हाय-फाइव्ह, म्हणजे हाताचा इमोजी? तो रुसतो, घाबरतो, हुरळतो, त्याला कोणी काही म्हणत नाही! असा दोष शोधायला एक साधी युक्ती: प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा आणि दोन ओळींमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का पाहा. नुसतं 'आणि मग' बसत असेल तर कथा नाही, सहल आहे. इथे नायकाच्या वाटेत कँडी क्रश, जस्ट डान्स, ड्रॉपबॉक्स अशा ॲपांचे थांबे लागतात. त्यातला कोणता काढला तर शेवट बदलेल, एवढाच प्रश्न प्रेक्षकाला विचारा.

याला वेळ जास्त लागतो. सिनेमा दोनदा पाहावा लागतो, दुसऱ्यांदा कागद घेऊन. (दुसऱ्यांदा पाहणं हीच खरी शिक्षा.)

निवड माध्यमावर करा. व्हिडिओ असेल, सहा-आठ मिनिटांचा, तर मोडका घ्या. लेख लिहायचा असेल तर डोळे झाकून गुळगुळीत. घसरणारं पाऊल शब्दांत सांगितलं की विनोद मरतो, फसलेला नियम मात्र दोन वाक्यांत सांगून हसवता येतो. आणि मोडक्यावर बोलताना पैसा आणि मुदत ठरवणाऱ्यांकडे टीकेचा रोख ठेवा. कोपर पोटात गेलंय हे ॲनिमेटरला तुमच्या आधी दिसलेलं असतं, दुरुस्तीला वेळ मिळालेला नसतो.