सही मिळाली नाही, तरी पाच स्टार (न्यूरोची ओपीडी, इंदूर)

ज्या कागदासाठी गेलो तो कागद मिळालाच नाही, तरी पाच स्टार देतेय, कारण सांगते.

ह्यांच्या लायसन्सला २० वर्षं झाली, आता रिन्यू करायचं तर वय चाळीसच्या पुढे म्हणून फॉर्म १ए वर, म्हणजे डॉक्टरी दाखल्यावर, डॉक्टरची सही लागते. आणि ह्यांना मिरगी आहे. शेवटची फिट गणपतीत आली, झोपेत, सकाळी उशीला रक्त, जिभेची कड चावली गेलेली. आधी घराजवळ एका ठिकाणी गेलो तर त्यांनी बीपी बघितलं आणि लगेच सही करून दिली, एक प्रश्न नाही! मी तो कागद भरूच दिला नाही, रामबागेतून राजवाड्यापर्यंत ह्यांच्या मागे माझी मुलगी बसते हो.

इथल्या डॉक्टर मॅडमनी ह्यांच्या आधी मलाच विचारलं, कारण फिट आलेल्याला स्वतःला बरेचदा काही आठवत नाही, बघणाऱ्यालाच माहीत असतं. मान कुठल्या बाजूला वळते, किती वेळ चालतं, नंतर किती वेळ भान नसतं, आधी काही जाणवतं का, गोळी चुकली होती का, जागरण, उपास, सगळं. मोबाईलमधला व्हिडिओ तीनदा बघितला. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल होता म्हणून हे खूश झाले तर म्हणाल्या, दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी नॉर्मल येऊ शकतो, त्यावरून गाडी चालवायला योग्य आहात असं होत नाही.

मग नीट समजावलं की ब्रिटनमध्ये साधारणपणे १२ महिने फिट आली नसेल तर कार चालवू देतात, बस-ट्रकला १० वर्षं आणि तीही गोळ्यांशिवाय, पण आपल्याकडे स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये महिन्यांचा हिशोबच नाही, मिरगी आहे का, हो की नाही, बस्स. वर्षानुवर्षं फिट न आलेल्यालाही तोच रकाना, हे मला अन्यायाचंच वाटतं. पण ह्यांचं तसं नाही ना, गणपतीला किती दिवस झाले!

सही नाही म्हणाल्या. हे गप्प बसले तेव्हा खुर्ची पुढे ओढून सांगितलं, गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि डोस बदलतोय तोवर तर हँडलला हातच लावू नका.

वेटिंग दोन तास, पाणी घरून न्या. व्हिडिओ असेल तर न्याच, आणि ज्याने फिट बघितलीये त्याला सोबत न्या, एकट्या पेशंटला पाठवू नका.