ब्लूटूथ बंद पडलं म्हणून लॅपटॉप दुकानात दिला आणि आतलं कार्डच बदललं गेलं

तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि एखाद्या सकाळी ब्लूटूथ अचानक नाहीसं झालं, तर तो कुणाच्या हाती सोपवण्याआधी हे वाचा. माझ्या भाचीला पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाने कसं फसवलं ते मी सविस्तर लिहितोय. इंजिनिअरिंगची पोरं अशा दुकानांत रोज लॅपटॉप देतात, आणि आत काय बदललं गेलं हे बहुतेकांना कधी कळतही नाही.

भाची कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. लॅपटॉप एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा, वॉरंटी संपलेली. विंडोज ११ च्या शेजारी तिने उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलेलं होतं आणि प्रोजेक्टचं सगळं काम उबंटूवरच होतं. सबमिशन तोंडावर असताना ब्लूटूथ गेलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि एरर कोड ४३. उबंटूत ‘नो ब्लूटूथ फाउंड’. वायफाय मात्र दोन्हीकडे ठणठणीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

दुकानात काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप आत नेला आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगितलं, “मॅडम, लिनक्स टाकल्यामुळे बोर्डवरची ब्लूटूथची आयसी उडालीय. चिप लेव्हलचं काम आहे. आणि लिनक्स काढावंच लागेल, नाहीतर परत उडणार.” खर्च ३,८०० रुपये. तिने प्रोजेक्टच्या फाइल्सबद्दल विचारलं तर म्हणाला, “विंडोजला हात लावत नाही, काळजी करू नका.” संध्याकाळी लॅपटॉप मिळाला. ब्लूटूथ चालू, उबंटू गायब. पावती म्हणून साध्या चिठ्ठीवर रक्कम आणि ‘बीटी आयसी रिप्लेस’ एवढे शब्द. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. जुनी आयसी मागितली तर ती भंगारात जाते म्हणे.

या बोलण्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट खोटी होती. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपांत ब्लूटूथची वेगळी आयसी, म्हणजे चिप, मदरबोर्डवर नसते. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात. हे कार्ड साधारण २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूने बसवलेलं, अँटेनाच्या दोन बारीक वायरी जोडलेलं. काही पातळ मॉडेलांत ते बोर्डावरच डकवलेलं असतं, पण भाचीच्या लॅपटॉपमध्ये ते खाचेत बसवलेलं होतं. मागचं झाकण उघडलं की ते बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याला चिप लेव्हलचं काम म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळफेक.

दुसरं असं की, त्या कार्डातलं वायफाय पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीच्या वाटेने. म्हणून एक बंद आणि दुसरं चालू असं होऊ शकतं. वायफाय धडधाकट असेल तर कार्डाला वीज मिळतेय आणि कार्ड जिवंत आहे हे उघड आहे. आणि लिनक्स टाकल्याने कार्ड जळत नाही. असं सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा खोटं बोलत असतो.

मग ब्लूटूथ गेलं कशाने? अशा कार्डांना प्रत्येक वेळी चालू होताना फर्मवेअर नावाचा एक छोटा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडून भरून घ्यावा लागतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून अर्धवट झोपतं. रीस्टार्ट केलं तर विंडोज नव्याने सुरू होतं खरं, पण कार्डाची वीज तुटत नाही. त्यामुळे एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये जाताना कार्ड आधीच्याच अवस्थेत अडकून बसू शकतं. कार्ड इंटेलचं असेल तर लिनक्सच्या नोंदींत तेव्हा ‘रीडिंग इंटेल व्हर्जन कमांड फेल्ड’ आणि उणे ११० असा आकडा दिसतो. म्हणजे सिस्टिमने हाक मारली आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बॅटरी आत बंदिस्त असेल तर काही कंपन्यांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बॅटरी तात्पुरती तोडण्याची सोय असते. मग चार्जर लावून चालू करा. पुष्कळदा एवढ्याने ब्लूटूथ परत येतं. नाही आलं तर उबंटू अपडेट करून फर्मवेअरचं पॅकेज ताजं आहे का बघा. विंडोजसाठी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर जवळ करू नका.

आता चोरी कशी उघडकीला आली ते सांगतो. हॉस्टेलच्या वायफायवर प्रत्येक मुलीच्या लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या वायफाय कार्डाचा ठरलेला पत्ता, ऑफिसात नोंदवलेला असतो. नोंद नसलेलं यंत्र आत घेतलं जात नाही. दुकानातून आल्यावर भाचीचा फोन आला, “मामा, हॉस्टेलचं वायफाय माझा लॅपटॉप घेतच नाहीये. ऑफिसवाले म्हणतात हा लॅपटॉप तुझा नाही.” मी नाशिकला एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे हे ऐकताच मला शंका आली. विंडोजमध्ये पत्ता आपोआप बदलत राहण्याची एक सोय असते, ती आधी तपासायला लावली. ती बंद होती. मॅक ॲड्रेस कार्डात कंपनीनेच घातलेला असतो, तो ड्रायव्हर बदलून बदलत नाही. म्हणजे कार्डच दुसरं होतं.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडायला सांगितला. नेटवर्क ॲडाप्टरच्या यादीत ‘इंटेल ३१६५’. लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात इंटेल एएक्स २०० होतं. उबंटू टाकताना तिने हार्डवेअरची यादी काढून स्वतःला मेल केली होती, त्यात ते स्वच्छ लिहिलेलं होतं. फरक किती, तर एएक्स २०० हे वायफाय ६ चं कार्ड, कमाल वेग सेकंदाला २.४ गिगाबिट. ३१६५ त्याच्या मागच्या पिढीचं, एकाच अँटेनाचं, कमाल ४३३ मेगाबिट आणि ब्लूटूथ ४.२. चांगलं कार्ड काढून जुनाट कार्ड बसवलं आणि वर ३,८०० रुपये घेतले. एएक्स २०० वर डोळा असण्याचं कारणही आहे. एएक्स २०१ सारखी कार्डं ठरावीक इंटेल प्रोसेसरांवरच चालतात, पण एएक्स २०० इंटेल असो वा रायझन, जिथे तशी खाच आहे तिथे बसतं. ते लगेच खपतं.

पुरावा विंडोजमध्येच पडलेला होता. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडलं की पूर्वी जोडलेली आणि आता नसलेली यंत्रं फिकट रंगात दिसतात. एएक्स २०० तिथे फिकट होऊन बसलं होतं. नव्या कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘इव्हेंट्स’ नावाचं पान असतं. ते पहिल्यांदा कधी बसलं याची तारीख आणि वेळ तिथे मिळाली. वेळ दुपारची, लॅपटॉप दुकानात असतानाची. याचे फोटो काढून छापून घेतले आणि मी पुण्याला गेलो.

मालक सुरुवातीला म्हणाला, “कार्ड तेच आहे साहेब, ड्रायव्हरमुळे नाव वेगळं दिसतंय.” कागद पुढे ठेवल्यावर सूर बदलला. “कामाच्या गडबडीत अदलाबदल झाली असेल, तुम्ही कशाला एवढं मनावर घेता?” आतून एक एएक्स २०० आणून दिलं. इंटेलच्या या कार्डांच्या लेबलवर मॅक ॲड्रेस छापलेला असतो. हॉस्टेलच्या नोंदीशी ताडून पाहिला तर जुळेना. म्हणजे ते आणखी कुणाच्या तरी लॅपटॉपमधून काढलेलं असणार. मी ते घेतलं नाही, आमचंच द्या म्हणून तिथेच बसलो. दुसऱ्यांदा आणलेल्या कार्डाचा पत्ता जुळला. समोर झाकण उघडायला लावून ते बसवून घेतलं, आणि लॅपटॉप चालू होताच ब्लूटूथ चालू झालं. ‘उडालेली आयसी’ त्याच कार्डावर होती. इतके दिवस वीज तुटलेली राहिली एवढाच काय तो इलाज झाला होता. पैसे मात्र त्याने ‘लेबर चार्ज’ म्हणून परत दिले नाहीत.

डिस्कवरचं उबंटूचं विभाजन (पार्टिशन) त्याने पुसलं होतं, पण सुदैवाने ती जागा तशीच मोकळी सोडली होती. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून टेस्टडिस्क या मोफत सॉफ्टवेअरने ते परत मिळालं, प्रोजेक्टसकट. त्या जागेवर काही लिहिलं गेलं असतं तर मिळालं नसतं. पुसलेल्या डिस्कवर म्हणूनच काहीही इन्स्टॉल करू नका, आधी फाइल्स काढा.

याच दुकानदाराचं आणखी एक वाक्य भाचीच्या मैत्रिणीला ऐकायला मिळालं होतं. तिचे इअरबड विंडोजमध्ये जोडले की उबंटूत जोडले जात नव्हते, आणि उलटही तेच. त्यावर निदान, “चिप अर्धी गेलीय.” ब्लूटूथची दोन यंत्रं जोडताना एक गुप्त किल्ली ठरते. इअरबडला लॅपटॉप एकच दिसतो, कारण पत्ता एकच. पण विंडोज आणि लिनक्स आपापली वेगळी किल्ली ठरवतात आणि नवी किल्ली जुनीला पुसून टाकते. आधी लिनक्समध्ये जोडा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली (जिथे विंडोज आपली सेटिंग्ज साठवतं तिथली) किल्ली लिनक्सच्या फाइलमध्ये उतरवा. मग दोन्हीकडे चालतं. जमत नसेल तर जाणत्या मित्राला बसवा, पण कार्ड बदलायची काहीच गरज नाही.

दुकानात जावंच लागलं तर आधी कार्डाचं नाव, मॅक ॲड्रेस, रॅम आणि डिस्कचा सिरियल नंबर यांचे स्क्रीनशॉट स्वतःला मेल करा आणि हेच तपशील दुकानाच्या जमा-पावतीवर लिहून घ्या. झाकण तुमच्यासमोर उघडा म्हणा. बदललेला भाग परत हवा हे आधीच सांगा. पक्कं बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे चिठ्ठीवर नाव नसलं तरी व्यवहार कुणाशी झाला याची नोंद राहते. आमच्याकडे तीच नोंद आता कामी येतेय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते. वकील सक्तीचा नाही.

हॉस्टेलच्या मुलींनी मग आपापले लॅपटॉप तपासले. त्याच दुकानातून कीबोर्ड बदलून आलेल्या एकीच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीऐवजी ८ जीबी रॅम निघाली. तिच्याकडे खरेदीचं बिल आहे आणि त्यावर १६ जीबी छापलेलं आहे. ते बिल जोडून तीही या आठवड्यात तक्रार करतेय.