मिठाचा ग्राइंडर, 2,997 रुपये आणि माझी अक्कल

31 वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. कुठलं पोलाद कशाला चालतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. तरी मिठाच्या दोन ग्राइंडरनी मला टोपी घातली. लिहिताना कानशिलं तापतायत, पण ती जाहिरात अजून फिरतेय म्हणून लिहितोय.

घरात खलबत्ता असताना ग्राइंडर कशाला, हे कृपया विचारू नका. घरी विचारून झालंय. मुलाकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा त्याच्या टेबलावर हातानं फिरवायचा ग्राइंडर पाहिला. मुलगा नऊ वर्षं वापरतोय, अजून काही झालेलं नाही, कारण आतले दाते सिरॅमिकचे. इकडे हिचं मनगट दुखतं, सैंधवाचे खडे कुटवत नाहीत. म्हणजे गरज होती. (बरं, थोडी हौसही होती.)

तर मोबाइलवर जाहिरात आली. लाकडी बॉडी, सिरॅमिक दाते, ‘1874 पासूनची युरोपियन परंपरा’, गोदाम रिकामं करायचंय म्हणून जोडी 2,899 रुपयांना. ऑनलाइन पैसे भरले तर 150 सूट, वर पाठवणावळ 99. पुढचं नाटक तुम्हाला पाठच असेल. ते 1874 कुठून आलं, हे मला नंतर कळलं. मोटारीवाल्या प्यूजो कंपनीनं मिऱ्याची चक्की त्या साली काढली, मोटारींच्या आधी. चोरांनी साल तेवढं उचललं, चक्की नाही.

मी आंधळेपणानं पैसे टाकले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. आधी व्हॉट्सॲपवर विचारलं, ‘दाते स्टीलचे की सिरॅमिकचे?’ दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘यस सर, प्युअर स्टेनलेस स्टील सिरॅमिक.’

इथे थांबायला हवं होतं. अहो, ‘प्युअर तांब्याची काच’ म्हटल्यासारखं आहे हे! टूलरूममध्ये एखाद्या पोरानं असं काही सांगितलं असतं तर मी त्याला पुन्हा कानस घासायला बसवला असता. आणि मी काय केलं? हसलो. स्वयंपाकघरात जाऊन हिलाही वाचून दाखवलं. ‘मार्केटिंगवाली पोरं, त्यांना काय कळतंय’ असं म्हणत खुर्चीवर येऊन बसलो आणि पिन टाकला. 2,848 रुपये. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. रोज रात्री वाचतो.

पार्सल सहाव्या दिवशी आलं. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘मेड इन पीआरसी’, म्हणजे चीन. आयात करणाऱ्याचं नाव नाही, एमआरपी नाही. दोन्ही छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. तेव्हाच खोकं बाजूला ठेवायचं, मीठ भरायचं नाही. मी भरलं.

अकराव्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीत तपकिरी कण दिसले. ही म्हणाली, जिऱ्याची फोडणी जळली असेल. मी चिमटीत धरून पाहिले. गंज! मग स्क्रूड्रायव्हर काढला. वरची घुंडी सोडवली, दांडा उपसला. दांडा भोकात अर्धा मिलिमीटर तरी हलत होता, मग खडा एकदा पिठासारखा आणि एकदा अख्खा का पडत होता ते समजलं. दात्यांच्या कडेला ओतकामाचे पापुद्रे तसेच, वर चकचकीत मुलामा, आणि जिथे मुलामा सुटला तिथे नारिंगी फोड. लोहचुंबक लावलं, टक्कन चिकटलं. असल्या दात्यांच्या सिरॅमिकला चुंबक जन्मात चिकटणार नाही. (स्टेनलेसच्या काही जातींना चिकटतं, म्हणून चुंबक चिकटलं की लगेच ‘साधं लोखंड’ म्हणू नका, पण ‘सिरॅमिक’ म्हणून विकलेल्याला चिकटलं तर विषय संपला.) मिऱ्याला कार्बन स्टीलचे दाते उत्तम, मिरी कातरली जाते. मीठ त्याच पोलादाला खातं, आणि पावसाळ्यात तर विचारू नका, हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणून चांगला ग्राइंडरसुद्धा वाफेच्या पातेल्यावर धरून फिरवू नये.

तक्रार केली. उत्तर आलं, वस्तू परदेशातल्या गोदामात स्वखर्चानं पाठवा, नाहीतर वस्तू ठेवा आणि 10 टक्के घ्या. मी भांडलो. 15 झाले, मग 25, म्हणजे 712 रुपये. त्यासाठी ‘खातं पडताळणी’चे 149 भरा म्हणाले. आणि मी भरले. हे घरात अजून सांगितलेलं नाही. एकूण 2,997. त्यानंतर नंबर बंद.

मग सुरू झाल्या वाऱ्या. चौकीत पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण माझं घर त्यांच्या हद्दीत आणि बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत, त्यामुळे हद्द ठरेना. तिसऱ्या दिवशी एक तरुण हवालदार म्हणाला, ‘काका, तीन हजारांसाठी कशाला उन्हात फिरताय?’ अरे बाबा, तीन हजारांसाठी नाही फिरत! अर्जावर पोच मागितली तर शिक्का कपाटात, आणि कपाटाची चावी रजेवर. बँकेत म्हणाले, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो. ‘मग व्यवहार अधिकृत.’ ज्या ॲपवर जाहिरात दिसली, तिथे तक्रार नोंदवली, चार तासांत कळवलं की जाहिरातीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. फोटो पाठवले होते मी, गंजाचे! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं खरं. पण नोटीस कुणाच्या नावानं काढू? वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव होतं ‘टीम सपोर्ट’. पत्ता भिवंडीचा आणि पिनकोड 11 नं सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. हे पैसे भरण्याआधी वाचलं असतं तर? पिनकोड वाचा हो, फुकट असतो.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला 1930 लावा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी फोन नंबर. मी पंधराव्या दिवशी लावला, तोवर ते खातं कोरडं. आणि ‘परतावा हवा तर आधी भरा’ म्हणणाऱ्याला काही भरायचं नाही. हे मी सांगतोय, 149 भरलेला माणूस.

शेवटी पुण्याच्या बाजारात, बोहरी आळीत गेलो. दुकानदारानं काउंटरवरच ग्राइंडर उघडून दाखवला. पांढरे दाते, खिशातलं चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. चार खडे दळून घेतले, घुंडी आवळली की बारीक, सैल केली की जाड. 640 रुपये, पक्कं बिल. घरापासून रिक्षानं वीस मिनिटं.

काल संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून फोन घेऊन आली. ‘अहो, तुमच्या त्या युरोपियन जोडीची जाहिरात आता मला आलीय. 2,899 चे 1,999 झालेत.’