तुरटीचा खडा, काख आणि ठाणे-वाशी लोकल

सकाळच्या ठाणे-वाशी गाडीत वरची कडी धरली की काख नेमकी शेजाऱ्याच्या नाकाशी येते. तेवढ्या प्रवासापुरता तुरटीचा खडा पुरतो का? वासासाठी पुरतो. घाम मात्र येणारच.

काखेतल्या ताज्या घामाला वास जवळपास नसतो. तिथले जिवाणू तो खातात तेव्हा दर्प सुटतो. तुरटीमुळे कातडी आम्लधर्मी होते आणि जिवाणूंची वाढ मंदावते. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजवायचं काम अँटीपर्स्पिरंटमधल्या, म्हणजे घाम रोखणाऱ्या उत्पादनातल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या वेगळ्या क्षारांचं. शर्टावर ओले गोल उमटतात अशी तक्रार असेल तर अँटीपर्स्पिरंटच घ्या आणि रात्री, कोरड्या काखेत लावा. सकाळी घाईत फासलेलं बरंचसं घामाबरोबर वाहून जातं.

खडा वापरताना आधी काख साबणाने धुवा आणि फेस पूर्ण काढा. राहिलेला साबण तुरटीचा जोर मारतो. खडा ओला करून प्रत्येक काखेत 8-10 वेळा, वर-खाली दोन्हीकडून फिरवा. मिनिटभर वाळू द्या, मग शर्ट घाला. दुपारी वास सुटल्यावर वरून खडा फिरवून काही होत नाही, पुन्हा धुवावंच लागतं.

केस दाट असतील तर खडा केसांवरूनच घसरतो, कातडीला लागत नाही. तुळतुळीत करायची गरज नाही, ट्रिमरने 3-4 मिलिमीटर ठेवले तरी चालतं. ब्लेड फिरवल्या फिरवल्या तुरटी चांगलीच झोंबते, म्हणून केस रात्री काढा.

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात तुरटी सुटी मिळते, पण फोडलेल्या तुकड्याच्या कडा काख खरवडतात. कोमट पाण्याखाली बोटांनी फिरवून आधी गोल करून घ्या. मॉलमधली गुळगुळीत ‘क्रिस्टल’ कांडी म्हणजे बहुधा हीच तुरटी, टोपणात बसवलेली. लेबलवर पोटॅशियम अलम दिसेल. त्यावर ‘अ‍ॅल्युमिनियम-फ्री’ छापलं असेल तर हसून सोडून द्यावं, तुरटी अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे.

खोडी दोन. लादीवर पडला की खडा फुटतो, आणि साबणदाणीतल्या पाण्यात राहिला तर विरघळतो. तव्यावर फुलवलेल्या तुरटीची पूड काखेत चोळू नका, ती ओल शोषते आणि कातडी सोलवटते. बेकिंग सोडा वरून लावला तर तुरटीचं आम्लपण जातं, वर पुरळ येते ती वेगळी. काखेत वारंवार पू धरणाऱ्या गाठी येत असतील तर खडा बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

एवढं करूनही वास येत असेल तर शर्ट तपासा. धुतलेल्या पॉलिस्टरच्या शर्टावर काखेपाशी इस्त्री टेकवताच जुना दर्प वर आला, तर दोष कापडाचा. एक वाटी पांढरं व्हिनेगर, चार वाट्या पाणी, अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखा धुवा. ब्लीच नको, घामाचे पिवळे डाग त्याने आणखी गडद होतात.