सुक्या मासळीतला भुंगेरा: निळा की काळा?

पावसाळ्याच्या बेगमीला मरोळच्या बाजारातून आणलेले बोंबील डब्यातून काढावेत, तर तळाशी भुंगेरे पळताना दिसतात. मुंबईच्या दमट हवेत सुक्या मासळीवर दोन जण हमखास जमतात.

पहिला नेक्रोबिया रुफिपेस, चेकर्ड बीटलच्या कुळातला. लांबी 4 ते 7 मिमी, अंग चकचकीत निळं-हिरवं आणि पाय लालसर. उजेडात धरून पाहा: पाठीवर उभे काळे केस दिसतील, आणि मिशा बुडाशी लालसर, टोकाशी गडद गाठीच्या. खोबऱ्यालाही हाच लागतो.

दुसरा डर्मेस्टेस मॅक्युलॅटस. हा थोराड, 10 मिमीपर्यंतचा, वरून मळकट काळा. ओळखायचा तर उलटा करा. पोट पांढरं, कडेला काळे ठिपके. पंखांच्या टोकाला बारीक काटाही असतो, पण तो पाहायला भिंग हवं.

माझ्या मते रंगापेक्षा अळी जास्त भरवशाची. डर्मेस्टेसची अळी दाट, लांब केसांची. नेक्रोबियाची बरीच गुळगुळीत, राखाडी-जांभळट. शेपटीला दोन शिंगं दोघींनाही असतात, त्यावर जाऊ नका.

नुकसानीत डर्मेस्टेस पुढे. मासा तर पोखरतोच, वर त्याची अळी कोष करायला लाकडातही शिरते. फळीवर भोकं दिसली तर संशय त्याच्यावरच. नेक्रोबिया मासा खातो, पण माश्यांच्या आणि डर्मेस्टेसच्या अळ्याही फस्त करतो. म्हणून त्याला डब्यात ठेवा असं मात्र कुणी म्हणणार नाही!